राखलेली झाडं आणि आटलेला ओढा

जंगल तोडून वसाहत उभी राहताना दोन-चार जुनी झाडं मुद्दाम राखली जातात. नकाशावर त्यांच्याभोवती हिरवं वर्तुळ असतं, जागेवर लाल-पांढरी पट्टी बांधलेली असते, आणि काम संपत आलं की बुंध्याभोवती बसायला सिमेंटचा गोल कट्टा होतो. कुणी कुऱ्हाड लावत नाही. पहिल्या वर्षी झाड नेहमीसारखं पालवतं. दुसऱ्या वर्षी पानं जरा बारीक येतात आणि लवकर झडतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी शेंडा वाळायला लागतो, वरच्या फांद्या पांढुरक्या, उघड्या दिसायला लागतात. मग कीड लागली असेल म्हणून फवारणी होते, खत पडतं, कट्ट्यात पाइप सोडून पाणी दिलं जातं. ते पाणी संध्याकाळपर्यंत तसंच साचून असतं, त्यावर वाळकी पानं तरंगत असतात. वर शेंडा तहानेनं वाळतोय आणि खाली बुंध्याशी पाणी उभं आहे, हे चित्र डोक्यातून सहजी जात नाही.

चार वर्षांपूर्वी याच जागेवर धो-धो पावसातही पाणी साचलेलं दिसत नसे.

झाडाचं काय झालं ते सांगणं अवघड नाही. मोठ्या झाडाची मुळं खोल पाताळात गेलेली असतात असा समज आहे. पण पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या 30 ते 45 सेंटिमीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या दुप्पट-तिप्पट लांब पसरलेली असतात. त्या पसाऱ्यावरून खोदयंत्रं फिरली, सिमेंटचे मिक्सर उभे राहिले, विटांचे थर लागले. जमीन सपाट करताना 10-15 सेंटिमीटर भराव पडला, तेवढ्यानंही मुळांना हवा कमी पडते. एका बाजूनं सांडपाण्याच्या नळासाठी चर गेली आणि त्या बाजूची मुळं सपासप तुटली. बुंध्याला धक्का लागला नाही एवढंच. झाडाला पानं आहेत म्हणून निदान त्याचं दुखणं दिसतं. त्याच मातीवर खालच्या अंगाचा ओढाही जगत होता आणि त्याचंही तेच झालेलं असतं. पण ओढा आटला की लोक पावसाकडे बोट दाखवतात.

जंगलात पाऊस जमिनीवर पोचतो तो टप्प्याटप्प्यानं. पहिला एक-दोन मिलिमीटर पाऊस पानं आणि साल ओली करण्यातच जातो आणि तिथूनच वाफ होऊन परत जातो. वर्षभराचा हिशेब केला तर पावसाचा दहावा भाग ते पाव भाग, काही सूचिपर्णी जंगलांत त्याहूनही जास्त, असा छतावरच अडतो. काही पाणी फांद्यांवरून बुंध्याकडे वळतं आणि सालीच्या भेगांतून सरळ मुळांच्या कडेनं खोल उतरतं. उरलेलं पानांच्या टोकांवरून ठिबकतं. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पानांवर थेंब एकत्र येऊन जाड होतात, आणि आठ-दहा मीटर उंचीवरून पडताना ते जवळजवळ पूर्ण वेग गाठतात. म्हणजे उंच झाडाखाली पडणारा थेंब उघड्यावरच्या पावसापेक्षा जास्त जोरानं जमिनीला लागू शकतो. जमीन वाचते ती पालापाचोळ्यामुळे. झाडं ठेवून खालचा पाचोळा रोज झाडून नेला तर माती उघडी पडते, थेंबांच्या माऱ्यानं तिचे कण सुटे होतात आणि पृष्ठभागावर गुळगुळीत पापुद्रा धरतो. बागेसारखं स्वच्छ ठेवलेलं जंगल पाण्याच्या दृष्टीनं अर्धं मेलेलं असतं.

पाचोळा बाजूला सारला की खालची माती हाताला मऊ, रवाळ, ओलसर लागते. बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी आणि मुळांतून पाझरणाऱ्या चिकट द्रव्यांनी तिचे कण एकत्र बांधलेले असतात. मुळं कुजून गेली तिथे पोकळ नळ्या राहिलेल्या असतात, गांडुळांची बिळं असतात, मुंग्यांचे बोगदे असतात. पाणी खाली जातं ते मुख्यतः या मोठ्या पोकळ्यांतून, आणि इथेच सगळी मेख आहे. अरुंद नळीतून वाहणारं पाणी त्या नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतं. पोकळीचा व्यास निम्मा झाला की तिच्यातून जाणारं पाणी निम्मं होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. मातीवर भार पडतो तेव्हा आधी मिटतात त्या याच मोठ्या पोकळ्या. बारीक छिद्रं टिकतात, पण त्यांतून पाणी हलतच नाही म्हटलं तरी चालेल. रानातल्या वरच्या मातीची घनता साधारणपणे दर घन सेंटिमीटरला एक ग्रॅम किंवा त्याहून कमी असते. अवजड यंत्रं फिरल्यावर ती 1.6 ते 1.8 पर्यंत जाते. काँक्रीट 2.4 च्या आसपास असतं, यावरून अंदाज यावा. एवढ्या दाबलेल्या मातीत नवी मुळं घुसू शकत नाहीत आणि मुळं नाहीत म्हटल्यावर पोकळ्या पुन्हा तयार होण्याची वाटही बंद होते.

माती दाबणं हा बांधकामातला निष्काळजीपणा नसतो, ते शास्त्र आहे. राल्फ प्रॉक्टर या अभियंत्यानं 1933 मध्ये मातीत किती ओलावा असताना ती जास्तीत जास्त दाबता येते हे मोजायची पद्धत दिली. आजही रस्त्याखालचा भराव त्या कमाल घनतेच्या 95 टक्के किंवा अधिक झाला की नाही ते तपासलं जातं. इमारत खचू नये म्हणून ते हवंच. योगायोग असा की त्याच 1933 साली रॉबर्ट हॉर्टन या जलशास्त्रज्ञाचा जमिनीत पाणी मुरण्यावरचा निबंध आला: पाऊस मुरण्याच्या वेगापेक्षा जोरात पडला की उरलेलं पाणी पृष्ठभागावरून वाहतं. जंगलात मात्र पुढच्या अभ्यासकांना असं वाहतं पाणी क्वचितच दिसलं. अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांतल्या कोवीटा इथल्या प्रयोगक्षेत्रावर काम करणाऱ्या ह्यूलेट आणि हिबर्ट यांनी 1967 मध्ये मांडलं की जंगलातल्या ओढ्याला पावसात पाणी येतं ते मुख्यतः मातीच्या आतून आणि ओढ्याकाठच्या आधीच भिजलेल्या पट्ट्यातून, आणि पाऊस लांबेल तसा तो पट्टा रुंदावत जातो. हॉर्टन यांचं सूत्र शब्दशः खरं ठरतं ते वाहनतळावर. मूळ अडचण अशी की घराच्या पायाखाली हवी असलेली घट्ट जमीन सगळ्या आवारात तयार होते, कारण यंत्रं सगळीकडेच फिरतात. जिथे पुढे बाग व्हायची आहे तिथेच आधी खडी उतरवलेली असते.

म्हणून हिरवळ पाहून फसू नये. वर पाच-सात सेंटिमीटर आणलेली लाल माती, त्यावर गवताचे गालिचे, आणि खाली रोलर फिरवलेला थर. फ्लोरिडात 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बांधकामाच्या दाबामुळे मुरण्याचा वेग 70 ते 99 टक्क्यांनी घटलेला आढळला, आणि ती जमीन रेताड होती, म्हणजे मुळात पाणी पिणारी. नगररचनेच्या कागदांत अशा जागा 'मोकळी हिरवी जागा' म्हणून मोजल्या जातात, आणि पाणी मुरण्याच्या गणितात त्या जंगलाच्या बरोबरीनं धरल्या जातात तेव्हा मला खरोखर त्रास होतो. मोजून पाहायला फार काही लागत नाही. 30 आणि 60 सेंटिमीटर व्यासाची दोन लोखंडी कडी एकात एक ठेवून जमिनीत ठोकायची, दोन्हींत पाणी भरायचं, बाहेरच्या कड्यातलं पाणी आडवं पसरू द्यायचं आणि आतल्या कड्यात पातळी किती वेळात किती उतरते ते पट्टी लावून पाहायचं. पहिल्या वाचनावर विश्वास ठेवायचा नाही, कोरडी माती सुरुवातीला अधाशासारखी पिते. उतरण्याचा वेग स्थिर होईपर्यंत थांबायचं. रानातल्या मातीत पाणी सतत ओतत राहावं लागतं. दाबलेल्या हिरवळीत थोड्या वेळानं पट्टीवरचा आकडा हलेनासा होतो.

आता एका हेक्टरचा हिशेब. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर 10,000 लिटर पाणी. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्यानं 1950 च्या दशकात एक सोपी पद्धत बसवली, तिच्यात जमिनीला शंभरपैकी एक क्रमांक दिला जातो; तो जितका मोठा तितकं जास्त पाणी वाहून जातं. मध्यम निचऱ्याच्या मातीवरचं चांगलं जंगल 55, दाटीची घरवस्ती 85, डांबर किंवा काँक्रीट 98. पद्धत ढोबळ आहे, जंगलाच्या बाबतीत तर फारच ढोबळ, पण फरकाची जात तिच्यातून कळते. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला तर या सूत्रानं जंगलातून सुमारे 13 मिलिमीटर वाहून जातो, वस्तीतून 61, डांबरावरून 94. म्हणजे हेक्टरी सव्वा लाख लिटरच्या जागी सहा लाख किंवा नऊ लाखांहून जास्त. पाऊस निम्मा, 50 मिलिमीटर धरला तर जंगलातून जेमतेम तीन-साडेतीन हजार लिटर निघतं आणि वस्तीतून जवळजवळ दोन लाख लिटर. मोठ्या पावसात फरक पावणेपाच पटींचा, मध्यम पावसात साठ पटींचा.

हे दुसरं गणित मला जास्त महत्त्वाचं वाटतं. महापुराच्या बातम्या होतात, पण अतिवृष्टीत जंगलाची मातीही भरून जाते आणि तीही पाणी सोडायला लागते. हॉलिस या भूगोलतज्ज्ञानं 1975 मध्ये निरनिराळ्या ठिकाणचे निष्कर्ष एकत्र करून दाखवलं होतं की शहरीकरणानं लहान पूर दहापटीपर्यंत वाढू शकतात, तर शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, 30 टक्के जमीन झाकली गेल्यावर, दुपटीपर्यंत जातो. खरा बदल रोजच्या, नाव नसलेल्या पावसात होतो. पूर्वी ज्या सरींचा ओढ्याला पत्ताही लागत नसे, अशी प्रत्येक सर आता ओढ्यात लोंढा होऊन येते. आणि त्याच सरी जमिनीत उतरून पुढे उन्हाळ्यातला झरा व्हायच्या होत्या.

इथे एक अडचणीची गोष्ट सांगायला हवी, कारण जंगलावर प्रेम करणारी माणसं ती बहुधा टाळतात. जंगल पाणी तयार करत नाही. ते पाणी पितं, आणि भरपूर पितं. बॉश आणि ह्यूलेट यांनी 1982 मध्ये जगभरातल्या 94 पाणलोटांचे प्रयोग एकत्र तपासले. झाडी कमी केल्यावर ओढ्यातलं वर्षाचं एकूण पाणी जवळजवळ सगळीकडे वाढलेलंच दिसलं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक इथे 1965-66 च्या हिवाळ्यात 15.6 हेक्टरांच्या एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली, लाकूड तिथेच पडू दिलं आणि पुढची तीन वर्षं तणनाशक मारून नवी पालवी येऊ दिली नाही. पहिल्या वर्षी ओढ्याचं पाणी 39 टक्क्यांनी वाढलं, दुसऱ्या वर्षी 28 टक्क्यांनी. त्याबरोबर मातीतलं नत्रही बाहेर पडलं, इतकं की नायट्रेटचं प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेवर गेलं आणि एरवी स्वच्छ असणाऱ्या ओढ्यात हिरवं शेवाळ माजलं. ढगांत बुडालेली डोंगरमाथ्यावरची जंगलं याला अपवाद आहेत, ती धुक्यातून पाणी गाळून घेतात. बाकी ठिकाणी 'झाडं तोडली म्हणून पाणी कमी झालं' हे वाक्य वार्षिक बेरजेपुरतं चुकीचं ठरतं, आणि कोणी जाणकार विरोधक उभा राहिला तर एवढ्या एका चुकीवर सगळी बाजू पाडतो.

बिघडते ती वेळ. वर्षाचं पाणी वाढूनही मार्च-एप्रिलात ओढा कोरडा पडू शकतो.

कोवीटाला 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला झालेला एक साधा प्रयोग याबाबतीत मला फार आवडतो. उतारावर काँक्रीटची लांबलचक हौदासारखी चर बांधली, तिच्यात माती भरली, ती पूर्ण भिजवली, वरून वाफ होऊ नये म्हणून झाकली आणि खालच्या टोकाला येणारं पाणी मोजत बसले. खाली खडकातला साठा नाही, झरा नाही, नुसती माती. सुरुवातीला धार जोरात आली, मग बारीक झाली, आणि ठिबक चार महिन्यांहून जास्त काळ चालू राहिली. डोंगरउतारावरची दीड-दोन हात माती पावसाळ्यानंतर ओढ्याला किती पुरते ते यावरून समजतं. उतार सपाट करून ती माती ट्रकनं उचलून नेली, की तेवढा साठा कायमचा गेला. वर पुन्हा कितीही झाडं लावली तरी पाणी धरायला खाली काही नसतं, आणि तेवढी माती नव्यानं तयार व्हायला शतकं लागतात.

जमिनीच्या खाली आणखी एक उलथापालथ होते, ती कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. पाण्याचे, सांडपाण्याचे, गॅसचे, तारांचे नळ घालायला चरी खोदतात आणि नळ नीट बसावा म्हणून तळाशी वाळू किंवा बारीक खडी पसरतात. आजूबाजूची माती दाबलेली आणि मधून खडीची ही सलग वाट. भूजल तिच्यात शिरतं आणि नळाच्या बाहेरून, नळाच्याच उतारानं वाहत जातं. सगळ्या वस्तीखाली असा छुप्या ओढ्यांचा जाळीदार पसारा तयार होतो आणि पाणीपातळी त्या चरींच्या तळापर्यंत खाली ओढली जाते. राखलेलं झाड वाळतं त्यात याचाही वाटा असतो. यावर उपाय अगदी साधा आहे. ठरावीक अंतरावर चरीत आडवा चिकणमातीचा बांध घालायचा, तळापासून वरपर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या मूळ मातीत थोडा घुसवून. खर्च किरकोळ, पण नकाशात दाखवलेला नसेल तर ठेकेदार तो घालत नाही, आणि चर बुजल्यावर तपासताही येत नाही.

नळ गळतात तेव्हा गोष्टी आणखी गुंततात. अनेक शहरांत शुद्ध केलेल्या पाण्याचा पाचवा भाग किंवा त्याहून जास्त वाटेतच जमिनीत जातो. त्यामुळे काही शहरी ओढे उन्हाळ्यात पूर्वीपेक्षाही जास्त वाहताना दिसतात आणि 'बघा, काही बिघडलं नाही' असं म्हणायला जागा होते. ते पाणी दूरच्या धरणातून पंपानं आणलेलं असतं. त्यात फुटक्या मलवाहिन्यांचं पाणी मिसळलेलं असतं. मलवाहिनी पाणीपातळीच्या वर असेल तर तिच्यातली घाण बाहेर झिरपते, खाली असेल तर उलट स्वच्छ भूजल तिच्यात शिरतं आणि मैलाशुद्धीकरण केंद्रावर जाऊन पडतं. ओढ्यात क्लोराइड, नायट्रेट आणि विष्ठेतले जिवाणू मोजल्याशिवाय, केवळ तो वाहतोय म्हणून जिवंत आहे असं समजू नये.

बांधकामाची दोन-तीन वर्षं आणि नंतरचा काळ यांत ओढ्याचे हाल वेगवेगळे होतात. वॉलमन या अभ्यासकानं 1967 मध्ये अमेरिकेतल्या मेरिलँड राज्याच्या नद्यांवरून हा क्रम मांडला. जंगलातून गाळ अगदी थोडा येतो. जमीन उघडी करून खोदकाम चालू असताना तो शेकडो पटींनी, छोट्या उघड्या जागांवरून तर हजार पटींपर्यंत वाढतो. आणि एकदा सगळं झाकलं गेलं की पुन्हा एकदम घटतो. पहिल्या काळात ओढ्याचे डोह भरून येतात, गोटे चिखलात बुडतात, माशांनी अंडी घालायच्या खडीतल्या फटी बुजतात आणि खालच्या तलावात तळाशी मऊ, राखाडी थर साचतो. दुसऱ्या काळात येणारं पाणी गाळाशिवाय आणि जोरकस असतं. त्याला वाहून न्यायला काही मिळत नाही, म्हणून ते ओढ्याचाच तळ आणि काठ खातं. ओढा खोल जातो, काठ उभे कापले जातात, मुळं उघडी लोंबतात. तळ मीटरभर खाली गेला की दोन्ही बाजूंच्या जमिनीतली पाणीपातळीही तेवढी खाली उतरते आणि काठावरची पाणथळ जमीन कोरडी होते. याच ओलसर, काळ्या मातीत नायट्रेट मोडून त्याचा निरुपद्रवी वायू करणारे जिवाणू राहतात. ती वाळली की गाळणीच बंद पडते, नेमकी त्या वेळी जेव्हा वरून जास्त घाण यायला लागलेली असते.

पाणी किती, यापेक्षा त्यात काय उतरतं ते मला हल्ली जास्त काळजीचं वाटतं. उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या डांबरावर सर आली की वाफेचा तो ओळखीचा वास येतो. ते कोमट पाणी गटारातून काही मिनिटांत ओढ्यात पोचतं. मेरिलँडमध्ये मोजलेल्या अशा उसळ्या सरासरी साडेतीन अंशांच्या होत्या. रस्त्यावरच्या पहिल्या पाण्यात ब्रेकमधलं तांबं, टायरमधलं जस्त, तेलाचे तवंग असतात. टायर लवकर तडकू नये म्हणून त्यात घातल्या जाणाऱ्या एका रसायनापासून ओझोनच्या संपर्कात दुसरं द्रव्य बनतं आणि तेच अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या शहरी ओढ्यांत कोहो सॅल्मन मासे मारतं, हे 2020 च्या डिसेंबरात उघड झालं. मासे मरताना लोक त्याआधी कितीतरी वर्षं पाहत होते. म्हणजे पाण्यात काय आहे याची यादी आपल्याकडे पूर्ण असते असं समजणंच धोक्याचं आहे. पाणलोटातली पाच-दहा टक्के जमीन झाकली गेली की ओढ्यातले नाजूक कीटक कमी व्हायला लागतात. पंचवीस-तीस टक्क्यांच्या पुढे उरतात ते कशातही तगणारे.

न्यूयॉर्क शहराच्या पाण्यात जंगली आणि वसलेल्या पाणलोटांतला हा फरक एकाच नळाशी येऊन भेटतो. त्याचं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर या डोंगराळ, जंगली पाणलोटांतून येतं आणि ते गाळणी प्रकल्पाशिवाय, निर्जंतुक करून पुरवलं जातं. 1997 मध्ये शहर, राज्य, केंद्र आणि पाणलोटातली गावं यांच्यात करार झाला. त्यानुसार शहर जलाशयांभोवतीची जमीन विकायला तयार असणाऱ्यांकडून विकत घेतं, घरोघरच्या सांडपाण्याच्या टाक्या दुरुस्त करून देतं, शेतांच्या कडेनं ओढ्याकाठी झाडोरा राखायला पैसे देतं. शहराजवळचा क्रोटन पाणलोट मात्र उपनगरांनी भरला. त्याचं पाणी एकूण पुरवठ्यात दहाव्या भागाइतकं, पण त्यासाठी ब्रॉन्क्समधल्या एका उद्यानाखाली गाळणी प्रकल्प बांधावा लागला, तो 2015 मध्ये सुरू झाला आणि त्यावर तीन अब्ज डॉलरहून जास्त खर्च आला. कॅट्सकिललाही सगळं आलबेल नाही. तिथल्या ओढ्यांच्या काठांत हिमनद्यांच्या काळातली चिकणमाती आहे, मोठ्या वादळात पाणी गढूळ होतं आणि तुरटी घालावी लागते. जंगल असल्यानं ती वेळ क्वचित येते. क्रोटनला रोज गाळावं लागतं.

वसाहत होणारच असेल तर काय करता येतं, याची यादी आता सगळ्यांना पाठ आहे: शोषखड्डे, पाझरणारी फरशी, पावसाची बाग (पाणी साचून मुरावं म्हणून केलेला खोलगट वाफा), साठवण तळी. यातलं प्रत्येक साधन उपयोगी पडतं, आणि प्रत्येक ठरावीक पद्धतीनं फसतं. पाझरणाऱ्या फरशीखाली 30 सेंटिमीटर स्वच्छ, एकसारखी खडी घातली तर तिच्यातल्या सुमारे 40 टक्के पोकळीत 12 सेंटिमीटर पाणी मावतं; पण फरशीच्या सांध्यांत धूळ आणि पाचोळ्याचा भुगा बसला की पाणी वरूनच वाहून जातं. झाडूनं ती धूळ आणखी आत जाते, यंत्रानं ओढून काढावी लागते आणि ते वर्षातून एक-दोनदा कायम करत राहावं लागतं. साठवण तळं पुराचा शेंडा कापतं, पण एकूण पाणी कमी करत नाही. तेच पाणी तासन्तास सोडत राहिल्यानं ओढ्याचा काठ जास्त वेळ खरवडला जातो, आणि एकाच नाल्यावर अशी अनेक तळी असली तर त्यांचे विसर्ग खालच्या अंगाला एकत्र येऊन पुन्हा मोठा पूर करू शकतात. पावसाच्या बागेत 15 सेंटिमीटर पाणी उभं राहावं आणि दोन दिवसांत उतरावं, त्याहून जास्त राहिलं तर डास होतात. ती सर्वांत जास्त वेळा मरते ती बांधकाम चालू असताना लवकर खणल्यामुळे. उघड्या जमिनीवरचा चिखल पहिल्याच पावसात तिच्यात उतरतो आणि तळाला लिंपल्यासारखा बसतो. मग वरची बाग कितीही सुंदर केली तरी तळ बंदच. पेट्रोलपंप, गॅरेज, रसायनांची गोदामं यांच्या आवारातलं पाणी तर मुरवूच नये, ते थेट भूजलात विष घालण्यासारखं आहे.

म्हणून कामाचा क्रम मला साधनांपेक्षा मोठा वाटतो. सगळ्यात आधी कुंपण: राखायच्या झाडांच्या घेराबाहेरही बरंच पुढे, आणि ओढ्याकाठचा पट्टा पूर्ण आत घेऊन. पट्टी नको, लोखंडी जाळी हवी, कारण पट्टी ओलांडून विटा ठेवल्या जातात. यंत्रांच्या येण्या-जाण्याची एकच वाट आखावी, पुढे रस्ता होणार असेल तिथूनच, आणि माती ओली असताना यंत्रं थांबवावीत. ओली माती एकाच फेरीत दबते, नंतरच्या फेऱ्यांनी फार फरक पडत नाही. सगळी जमीन एकदम उघडी करू नये. वरची काळी माती काढावीच लागली तर वेगळा, बुटका ढीग करून झाकावी. उंच ढिगात आतली माती हवेवाचून कुजते. काम संपल्यावर बागेच्या जागी 10 सेंटिमीटर कंपोस्ट पसरून ते 60 सेंटिमीटर खोलीपर्यंत खोदयंत्रानं ढेकळं उलटीपालटी करत मिसळावं, त्यावर ती माती परत घालावी आणि मगच झाडं लावावीत. यानं जंगलाची माती परत येत नाही, पण मुळांना खाली जायला वाट मिळते. मुरवण्याचे खड्डे आणि बागा अगदी शेवटी, वरची सगळी जमीन झाकल्यावर.

यातलं काही साधलं की नाही हे कळायला ओढ्याचं आधीचं पाणी माहीत असायला हवं, आणि तेच कुठे मोजलेलं नसतं. पुराच्या खुणा भिंतींवर रंगवून ठेवतात, उन्हाळ्यातल्या धारेची नोंद कुणाकडे नसते. लहान ओढ्यासाठी पोलादी पत्र्यात काटकोनी, इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडून तो पत्रा प्रवाहाला आडवा बसवला की पुरतं. खाचेच्या टोकापासून पाणी 10 सेंटिमीटर उंच असेल तर सेकंदाला सुमारे 4.4 लिटर वाहतंय, 5 सेंटिमीटर असेल तर पाऊण लिटरच्या जरासं वर. उंची खाचेपाशी मोजायची नाही, तिथे पाणी खाली वाकलेलं असतं. थोडं मागे, उंचीच्या चौपट अंतरावर, पट्टी लावायची. पत्र्याच्या खालून आणि बाजूंनी पाणी निसटू नये म्हणून चिकणमाती ठासायची आणि मागे साचलेला गाळ वेळोवेळी काढायचा. वाचन रोज एकाच वेळी घ्यायचं, कारण जंगलातला ओढा कोरड्या दिवसांत दुपारनंतर थोडा उतरतो आणि रात्री पुन्हा चढतो, दिवसा झाडं पाणी ओढतात म्हणून. झाडं गेल्यावर ही चढउतार जवळजवळ नाहीशी होते, तेव्हा तीही नोंदवून ठेवावी. पहिलं झाड पडण्याआधी किमान दोन उन्हाळ्यांची वाचनं हाती हवीत, आणि शेजारच्या, तोड न होणाऱ्या ओढ्यावर असाच दुसरा पत्रा हवा. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय पाऊस कमी पडला म्हणून धार बारीक झाली, की वरची माती गेली म्हणून, हे ठरवता येत नाही.